बागेतला माळी, पडद्यावरचा पाटील

पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत एक तरुण माळीकाम करीत होता. पगार महिना 80 रुपये. त्यातले 10 रुपये तो राष्ट्र सेवा दलाला देत असे. स्वतःची रोपवाटिका काढावी हे त्याचे स्वप्न होते, पण हाताशी भांडवल नव्हते. या तरुणाला पुढे अवघ्या महाराष्ट्राने निळू फुले म्हणून ओळखले.

निळूभाऊ 13 जुलै 2009 रोजी पुण्यात गेले. आज त्यांच्यावर लिहायचे कारण असे की, आमच्या पोराबाळांना ते फक्त नकलांतून माहीत आहेत. घोगरा आवाज काढायचा, धोतराचा सोगा धरायचा, बाईला वाड्यावर बोलवायचे, की झाला निळू फुले! लोक खो खो हसतात. आम्हाला मात्र त्यात हसू येत नाही. वाड्यावरचे बोलावणे म्हणजे काय, हे आमच्या आया-आज्यांना ठाऊक होते. निळूभाऊंनी ते हसण्यासाठी दाखवले नव्हते. गावोगावच्या बाया त्यांना पाहून खरोखर शिव्या घालीत, आणि ते तीच आपल्या कामाची पावती मानत.

त्यांची सुरुवात झाली ती सेवा दलाच्या कलापथकात, लोकनाट्यातून. ही वाट आपल्याला परकी नाही. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात विचार भरला, त्याचा जलसा झाला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा याच वाटेने वाडी-वस्तीपर्यंत नेला. हसता हसता सत्ताधाऱ्याचे सोंग उघडे करायचे, ही या रंगमंचाची शिकवण. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' मधल्या रोंगेच्या भूमिकेने निळूभाऊंचे नाव झाले. पुढे शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याचे 2,000 वर प्रयोग झाले. 1968 साली अनंत माने यांनी त्यांना 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटात घेतले. तेव्हापासून रंगमंच आणि पडदा दोन्ही त्यांचे झाले.

1972 साली विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना हा सखाराम घरात आणतो. छप्पर देतो, दोन वेळचे जेवण देतो आणि त्या बदल्यात तिची सेवा व तिचे शरीर मागतो. घरचे नियम पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. नाटकावर मोठे वादळ उठले, प्रकरण कोर्टापर्यंत गेले. पण आमच्या भगिनींनी विचार करावा, छपराच्या मोबदल्यात मुकाट राहणारी बाई काय फक्त त्या नाटकात होती? निळूभाऊंनी त्या सखारामाला राक्षस केले नाही. माणूसच ठेवला. म्हणून तो जास्त बोचला.

मग आला जब्बार पटेलांचा 'सामना'. 1975 साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. यात निळूभाऊ झाले हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना त्यांचा, गाव त्यांचे, पोलीसही त्यांचेच. गावात आलेल्या एका दारुड्या मास्तरला ते घरी नेतात, खाऊपिऊ घालतात. मास्तर झाले होते डॉ. श्रीराम लागू. आणि हा मास्तर एकच प्रश्न धरून बसतो. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले?

कांबळे हे आडनाव ऐकले की आमच्या घरांत कान टवकारले जातात. नाहीशा झालेल्या माणसाची चौकशी कोणी करायची, हा प्रश्न आम्हाला नवा नाही. त्या एका नावाने हिंदुरावांच्या गोड बोलण्याला तडा जातो, तो पाहावा निळूभाऊंच्या डोळ्यांत. खरा जुलमी नेहमी ओरडत नाही. तो हसतो, पाहुणचार करतो, पाठीवर हात ठेवतो. हे त्यांनी इतके अचूक दाखवले, कारण त्यांनी सत्ता खालून पाहिली होती. माळी बंगल्याच्या बाहेर उभा असतो, पण आतले सारे त्याला दिसते.

'सिंहासन' मध्ये (1979) हाच माणूस दिगू टिपणीस नावाचा पत्रकार झाला. सत्तेचा सारा खेळ जवळून बघणारा आणि काहीच बदलू न शकणारा. पाटलाची गुर्मी दाखवणाऱ्या त्याच चेहऱ्यावर इथे असहाय्यता दिसते. हिंदीतही त्यांनी 'कुली' (1983), 'सारांश' (1984) असे चित्रपट केले. 1991 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला.

पण पडद्यावर गाव लुटणारा हा माणूस पडद्याबाहेर कोणाच्या बाजूने उभा होता? डॉ. लागूंबरोबर 'लग्नाची बेडी' चे प्रयोग गावोगाव करून त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा केला. तळमळीने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या चुलीसाठी तो निधी होता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामालाही त्यांनी साथ दिली. 80 रुपयांतून 10 देणारा माळी मोठा नट झाल्यावरही तसाच राहिला.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. पोरांनी मोबाईलवर निळूभाऊंची नक्कल पाहिली, तर रागावू नका. एका सुट्टीच्या दिवशी त्यांना 'सामना' दाखवा. चित्रपट संपला की हिंदुरावांचा आवाज काढायला सांगू नका. मास्तरचा प्रश्न त्यांना विचारा. आणि तुमच्या गावातही असे एखादे नाव असेल, ज्याची चौकशी कोणी केली नाही, तर तेही त्यांना सांगा.