वाहन : एक



यंदा दशलक्षण पर्वानंतर आमच्या बस्तीतल्या बऱ्याच जणींनी परिग्रह परिमाणाचे व्रत घेतले. साड्या, दागिने, भांडी, ठेवी यांचे आकडे भराभर लिहून झाले. माझे घोडे 'वाहन' या रकान्यापाशी अडले. शेवटी मी तिथे 'एक' लिहिले आणि ते एक कोणते यावरून घरात अजून बोलणी चालू आहेत.

माझ्याकडे आहे ती सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोनच माणसांची, कापडी छपराची बुटकी स्पोर्ट्स कार. बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचे, ११४९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. आता ती बनत नाही. माझी २००२ सालची आहे. २०१० मध्ये माझ्या नावावरची मुदत ठेव पिकली, तेव्हा दीड लाखाला सांगलीहून घेतली. ह्यांना वाटले, महिन्याभरात हौस फिटेल.

आल्या आल्या पहिले काम म्हणजे स्टिअरिंगवरचे चामड्याचे कव्हर उसवले आणि रेक्झिनचे शिवून घेतले. कोल्हापुरात चामडे शिवणारा गल्लोगल्ली मिळतो, रेक्झिनसाठी मात्र तीन दुकाने फिरावी लागली.

बाकीची देखभाल हळूहळू शिकले. ऑइल मी स्वतः बदलते. गाडी वर्षात दोन हजार किलोमीटरही फिरत नाही, पण ऑइल नुसते उभ्या गाडीतही जुने होते, म्हणून वर्षाला एकदा बदलायचेच. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जायचे नाही, खाली लोखंडी घोड्या लावायच्या. काढलेले काळे ऑइल मातीत ओतले तर किती जीव जातील याचा हिशोब नको, म्हणून ते डब्यात भरून मेस्त्रीकडे देते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते, ते दोन वर्षांनी. टायमिंग बेल्ट मात्र मेस्त्रीकडेच. तिथे मी फक्त शेजारी उभी राहून प्रश्न विचारते. धुणे पाइपने नाही. एक बादली गाळलेले पाणी आणि दोन फडकी पुरतात.

चातुर्मासात गाडी बाहेर काढत नाही. व्रत आहेच, शिवाय आपल्याकडचा पाऊस त्या छपराला झेपत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवायची, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरायची. मोठी काळजी उंदरांची. ते वायरी कुरतडतात आणि आपल्याला विष ठेवायचे नाही, चिकट पुठ्ठाही नाही. मी हवेच्या नळीच्या तोंडाला जाळी बांधते, बॉनेट अर्धवट उघडे ठेवते आणि आत निपाणीकडची तंबाखूची पाने ठेवते. आमच्या घरात तंबाखू येते ती एवढ्यासाठीच. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.

सूर्यास्तानंतर मी ती चालवत नाही. दिव्यांच्या झोतात किडे येऊन काचेवर आपटतात, ते बघवत नाही. संध्याकाळचे जेवण दिवसा उरकायचेच असते, त्यामुळे घरी येण्याची वेळ आपोआप जुळते.

अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे, म्हणून अभिमान बाळगावा, पण जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. गेल्या वर्षी सगळ्या नळ्या बदलून घेतल्या.

आता बोलणी कसली, ते सांगते. माझे गुडघे कुरकुरतात. त्या गाडीत बसायचे म्हणजे पाटावर बसल्यासारखे, आणि उठताना दाराचा आधार लागतो. पुण्याचा मुलगा म्हणतो, "आई, ही विक, मी तुला ऑटोमॅटिक घेऊन देतो." त्याचे म्हणणे चूक नाही. पण वाहन एकच लिहिले आहे. ती आली तर ही गेली.

कॉमर्सच्या सवयीने मी वही काढली. १५ टक्के घसारा धरला तर १५ वर्षांनी दीड लाखाचे १३ हजार उरतात. या पद्धतीत किंमत कितीही खाली आली तरी शून्य कधी होत नाही. नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते. २०२२ मध्ये मी ५००० भरले, २०२७ मध्ये, गाडी २० वर्षांवरची म्हणून, १०,००० लागतील. वहीचा कौल स्पष्ट आहे : विका.

तत्त्वार्थसूत्र परिग्रह मोजते ते आसक्तीने, वस्तूने नाही. तिथे मी सापडते. नवी गाडी आली तर ती माझ्यासाठी नुसती वस्तू राहील. अडकले आहे ते या जुन्या गाडीत, आणि म्हणून सोडायची तर हीच, हे मला कळते. माताजींना मी तसे सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मुदत घाल."

मग रकान्यात 'एक' पुढे लिहिले : २०२७ च्या नोंदणीपर्यंत. मुलाला फोन करून कळवले. तो म्हणाला, "तोवर गुडघ्यांचं काय?" मी म्हटले, ते माझ्या यादीत नाहीत.

कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या रविवारी कुंभोजच्या बाहुबलीला जायचा विचार आहे. कुणाला यायचे असेल तर कळवा. जागा एकीचीच आहे आणि डबा मांडीवर घ्यावा लागेल.