भोंग्याखालची पानं

रविवार, २४ ऑगस्ट २०२५, राजुरी

मंडळाची पोरं सकाळी पेन ड्राइव्ह देऊन गेली. गणपतीत दहा दिवस काय काय वाजवायचं ते सगळं त्यात भरलंय. मशीनला लावून पाहिलं तर नव्या धडधडीच्या गाण्यांत मधूनमधून ओळखीची जुनी मंडळी बसलेली. पोरांचा जन्म दोन हजारनंतरचा, गाणी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या सिनेमांतली. त्यातला एक तरी सिनेमा पाहिलाय का विचारलं, तर एकमेकांकडे बघायला लागली.

दादांच्या लाकडी पेटीत याच गाण्यांच्या रेकॉर्डी असायच्या. त्यांच्यानंतर भोंग्याचा धंदा माझ्या हातात आला तेव्हा कॅसेटी होत्या, मग सीडी आल्या, आता हे नखाएवढं यंत्र. ही गाणी गोड म्हणून टिकली असं लोक म्हणतात. गोड गाणी तर ढिगानं झाली आणि दादांच्या पेटीत तशीच पडून राहिली. माझं धंद्यातलं मत असं, की ज्या गाण्याला घरात काहीतरी काम लागलं तेच टिकलं.

बुधवार, २७ ऑगस्ट

प्रतिष्ठापना दुपारी बाराच्या आत उरकली. सकाळपासून चार ठिकाणी माईक जोडले. चारही ठिकाणी पहिलं गाणं एकाच सिनेमातलं मागितलं: ‘अष्टविनायक’.

हा सिनेमा १९७९ सालचा. निर्माते शरद पिळगावकर, दिग्दर्शक राजदत्त, नायक सचिन आणि नायिका वंदना पंडित. संगीत अनिल-अरुण, म्हणजे अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल. देव न मानणारा तरुण आणि गणेशभक्त घरातून आलेली त्याची बायको, एवढीच गोष्ट. खरं सांगायचं तर त्या गोष्टीत आज कुणाचा जीव अडकत नाही. नास्तिक माणूस शेवटी हात जोडणार हे पहिल्या अर्ध्या तासात लहान पोरालाही कळतं. पण या एकाच सिनेमातली गाणी कुठे कुठे कामाला लागली ते बघा. वसंतराव देशपांडे आणि अनुराधा पौडवाल यांनी गायलेल्या वंदनेशिवाय शाळेचं गॅदरिंग असो की पतसंस्थेचं उद्घाटन, आमच्याकडे नारळ फुटत नाही. अनुराधाबाईंचं दिवाळीचं गाणं वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत किराणा दुकानात चालू असतं. मुलीची पाठवणी करणाऱ्या बापाचं गाणं वसंतरावांचं. लग्नात अक्षता पडून जेवणं झाली, की वधूपित्याचा भाऊ माझ्याकडे येऊन हळूच म्हणतो, “नाना, आता ते लावा.” कोणतं ते विचारावं लागत नाही. आणि जगदीश खेबुडकरांनी लिहिलेलं आठ गणपतींचं गाणं तर यात्रेच्या बसवाल्यांनी वाटूनच घेतलंय.

त्या आठातले दोन आमच्या तालुक्यातले. गाण्यात ओझरचा विघ्नेश्वर पाचवा आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज सहावा. शास्त्रातल्या क्रमात लेण्याद्री सहावाच, पण ओझर सातवा. यात्रेकरूंना क्रम विचारला, तर दहातले नऊ गाण्यातला सांगतात. लेण्याद्रीच्या जवळजवळ तीनशे पायऱ्या चढताना धापा टाकत हेच गाणं गुणगुणणारी माणसं मी पाहिलीत. एका सिनेमानं लोकांच्या तोंडी तीर्थयात्रेचा क्रम बसवला, हे राजदत्तांनी ठरवून केलं असेल असं वाटत नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

मंगळवारी पडद्यावर सिनेमा दाखवायचा ठरलं. त्यावरून मंडपात तासभर वाद. पोरांना नवा मारधाडीचा हवा होता. एकानं ‘पिंजरा’ सुचवला. शांतारामबापूंचा १९७२चा रंगीत सिनेमा, राम कदमांची चाल, डॉ. लागूंचा मास्तर; गाणी एकाहून एक आहेत. पण गौरीला माहेरी आलेल्या लेकी आणि त्यांची पोरं समोर बसणार. एका शिक्षकाची पुरती धूळधाण त्यांना दाखवायची का, असं काकूंनी विचारल्यावर तो आपोआप मागे पडला. कुणीतरी १९९१चा ‘माहेरची साडी’ म्हणालं. तो आला तेव्हा वस्त्यांवरच्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पाहायला गेल्या होत्या, रडून डोळे सुजवून परत आल्या होत्या. माझा त्याला विरोध. सणाच्या दिवशी सासुरवास पडद्यावर कशाला? शेवटी ‘अष्टविनायक’च ठरला. निदान त्यात सगळ्यांना सोबत म्हणता येईल असं काहीतरी आहे.

वेळेवरून पुन्हा चर्चा. वाघाच्या भीतीमुळे (बिबट्याला इकडे वाघच म्हणतात) उसाच्या कडेनं वस्तीवर जाणाऱ्यांना उशिरापर्यंत थांबवता येत नाही. सातला सुरू, साडेनऊला बंद, आणि लांबच्यांना पिकअपमधून सोडायचं.

तंबूच्या सिनेमाला असली बंधनं नव्हती. जत्रेत ट्रक यायचा, त्यातच मशीन. कनातीच्या आत मधोमध दोरी. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला गडी. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवा लागायचा आणि शेंगा विकणारा आत शिरायचा. पडद्याच्या मागच्या बाजूनं बघणाऱ्यांना नायक डावखुरा दिसायचा. खेळ सुरू होण्याआधी तास-दोन तास भोंग्यावर गाणी लागायची. देवाचं गाणं लागलं की समजायचं, तिकिटं फाडायला लागले. आमची आजी चुलीपुढे बसून भोंग्यावरून वेळ ओळखायची आणि शेवटची भाकर तव्यावर टाकायची.

रविवार, ३१ ऑगस्ट

गौरी आल्या. रात्री बायकांचा खेळ, म्हणजे आम्ही गडी माणसं ओसरीवर. आतून झिम्मा, फुगड्या आणि मग हसण्याच्या गलक्यात बुगडीची लावणी. म्हणणारी आमची सत्तरीतली चुलती.

चुलतीनं आयुष्यात तमाशा पाहिलेला नाही. नारायणगाव इथून फार लांब नाही. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं गाव ते. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, त्यांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं. पण चुलतीच्या पिढीतल्या घरंदाज बाईनं फडासमोर बसायचं नाही म्हणजे नाही. मग ही लावणी तिच्याकडे आली कुठून?

आली ‘सांगत्ये ऐका’मधून. अनंत माने यांचा १९५९चा सिनेमा. गदिमांची गाणी, वसंत पवारांचं संगीत, आशाबाईंचा आवाज, पडद्यावर जयश्री गडकर. पुण्याच्या विजयानंद टॉकीजला तो दोन वर्षांहून अधिक काळ ठाण मांडून होता. फडावरची लावणी बाईपर्यंत पोचत नव्हती, ती सिनेमानं पोचवली. नवऱ्याच्या, सासूच्या शेजारी बसून बघता येईल अशी करून पोचवली. तसं करताना तिची धार थोडी बोथट झाली, हे नारायणगावातल्या जुन्या ढोलकीवाल्याला विचारा, तो शिव्या घालून सांगेल. त्याचं खरंच आहे. फडावर लावणी समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणतात, पडद्यावर ती सगळ्यांसाठी आणि कुणासाठीच नाही. तरी मला चुलतीचीही बाजू घ्यावीशी वाटते. तिच्या वाट्याला लावणीचा जो घास आला तो सिनेमामुळेच, आणि आज ती गौरीपुढे पदर खोचून म्हणत होती. फडावरची बाई आणि घरातली बाई यांच्यातली भिंत पाडायला कुणी समाजसुधारक आला नाही, आशाबाईंची रेकॉर्ड आली.

आपल्याकडच्या गाण्याच्या सिनेमाची घडणही तमाशाशी आणि संगीत नाटकाशी जुळलेली. फडात आधी गण, मग गौळण, बतावणी आणि नंतर वग. नाटकात आधी नांदी. मराठी बोलपटाची सुरुवात १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’नं झाली, त्याचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं आणि टेंबे आले नाटकातून. पात्र बोलता बोलता गायला लागलं, तर आमच्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कीर्तनकारही तेच करतो.

सोमवार, १ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. दोन स्पीकर भिजले. बेल्ह्याचा बाजार चिखलात.

मंगळवार, २ सप्टेंबर

गौरी गेल्या. पावसानं उघडीप दिली आणि पडदा लागला. पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसणार हे धरून चाललो होतो. पहिला अर्धा तास तसंच झालं. आठ गणपतींचं गाणं आलं आणि सगळा मंडप म्हणायला लागला. त्या काळची ओळखीची नटमंडळी एकेका कडव्यापुरती येऊन जातात, तेव्हा म्हातारी माणसं नावं ओरडून सांगत होती. ओझरला टाळ्या, लेण्याद्रीला त्याहून मोठ्या. पाठवणीच्या गाण्याला दोन लेकींनी डोळे पुसले. दोघींना उद्याच सासरी जायचं होतं. गाणं संपलं की पुन्हा गप्पा सुरू, पुढचं गाणं आलं की पुन्हा शांतता. असला सिनेमा असाच बघायचा असतो. मधे उठून चहा केला, पोराला झोपवलं, तरी काही हुकत नाही. हा त्याचा दोष आहे असं शहाणे समीक्षक म्हणतात. घरात चार पिढ्या एकत्र बसवायच्या, तर दुसरा कोणता सिनेमा चालतो ते त्यांनी सांगावं.

परतल्यावर सूनबाई नातीला झोपवत होती, निंबोणीच्या झाडामागच्या चंद्राचं गाणं म्हणत. सुमन कल्याणपुरांचा आवाज, मधुसूदन कालेलकरांचे शब्द, एन. दत्तांची चाल, सिनेमा १९७७चा ‘बाळा गाऊ कशी अंगाई’. सूनबाईनं तो सिनेमा पाहिलेला नाही, तिच्या आईनंही पाहिला असेल की नाही कोण जाणे. मोराच्या गाण्याचीही तीच कथा. अंगणवाडीत पोरं हात पसरून नाचतात ते गाणं ‘देवबाप्पा’ या १९५३च्या सिनेमातलं. राम गबाल्यांचं दिग्दर्शन, गदिमांचे शब्द, पु. ल. देशपांड्यांची चाल, पुन्हा आशाबाईच. ‘देवबाप्पा’ आज शंभरातल्या एकाला आठवत असेल. त्याचं गाणं मात्र रोज सकाळी साऱ्या महाराष्ट्रात हजेरी लावतं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

आळ्याला काम होतं. येताना रेड्याच्या समाधीला टेकलो. ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून पैठणात वेद वदवले तो रेडा परतीच्या वाटेवर इथे देह ठेवता झाला, अशी आमच्याकडची श्रद्धा. समाधीपाशी एक आजोबा नातवाला तो प्रसंग सांगत होते. त्यांच्या सांगण्यात पैठणचे ब्राह्मण कसे उभे होते, छोटा ज्ञानोबा कसा पुढे झाला हे सगळं नजरेसमोर असल्यासारखं होतं. ते पोथीतलं नव्हतं. प्रभातचा १९४०चा ‘संत ज्ञानेश्वर’ त्यांनी पाहिला असणार. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, शाहू मोडकांचा ज्ञानेश्वर, केशवराव भोळ्यांचं संगीत.

याच जोडीनं आणि भोळ्यांनी त्याआधी १९३६ला ‘संत तुकाराम’ केला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. १९३७ला व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं. त्यात शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं एक पद आहे. ते इतकं तुकोबांच्या वळणाचं उतरलं, की लोकांनी ते गाथेतलंच धरलं. भजनात म्हणतात, कीर्तनकार आधाराला घेतात. सिनेमाच्या गाण्याला याहून वरची नोकरी मिळणं अवघड.

घरादारानं बघायचे गाण्यांचे सिनेमे बाहेरही झाले. इंग्रजीत ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आला १९६५ला. आईविना पोरांना गाणं शिकवणारी बाई आणि शिस्तीचा बाप. गुलजारांनी ‘परिचय’ (१९७२) करताना त्यातूनच काही उचललं. अमेरिकेत ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ हा १९३९चा सिनेमा वर्षानुवर्षं ठरावीक दिवसांत टीव्हीवर लागायचा आणि घरं त्याची वाट बघायची. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी मराठी सिनेमा लागायचा तेव्हा आमच्या आळीत तेच घडत होतं. टीव्ही एकाच्या घरी, पोतं ज्याचं त्यानं न्यायचं. फरक इतकाच, की त्यांच्या गाण्यांना स्वयंपाकघर आणि सुट्टी मिळाली. आमच्या गाण्यांना देवघर, पाळणा, मांडव आणि यात्रा एवढं सगळं मिळालं.

शनिवार, ६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. मिरवणुकीत छाती हादरवणारं वाजलं. मीच वाजवलं, धंदा आहे. दहाला मशीन बंद.

रविवार, ७ सप्टेंबर

वायरी गुंडाळल्या, स्पीकर उन्हात ठेवले. रात्री खग्रास ग्रहण आहे, उद्यापासून पितृपंधरवडा. म्हणजे आता नवरात्रापर्यंत बैठा धंदा.

पोरांनी पुढल्या वर्षीसाठी सिनेमांची यादी मागितलीय. मी ‘श्यामची आई’ वर लिहिला. अत्र्यांचा १९५३चा सिनेमा, वसंत देसाईंचं संगीत, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक. त्याखाली ‘संत तुकाराम’. तिसरी जागा पोरांसाठी मोकळी ठेवली. अट एकच: आजीच्या शेजारी बसून बघता आला पाहिजे.

हे वाचणाऱ्या मंडळवाल्यांना एक विनंती. दहा दिवसांतली एक संध्याकाळ डीजेकडून काढून घ्या. पांढरं कापड, भाड्याचा प्रोजेक्टर आणि दोन बरे स्पीकर, एवढ्यात भागतं. सातला सुरू करा, गाणी लागली की आवाज थोडा वाढवा, आणि वस्तीवरच्या माणसांना गाडीनं घरी पोचवा.