पटावरचा माणूस

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पट्ट्यातल्या फाउंड्र्या नि मशीनशॉपची पीएफ-ईएसआयची कामं मी पाहते. रोजगाराची नवी सरकारी योजना जाहीर झाली की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: "मॅडम, ह्यात आपल्याला काय निघतंय?" विचारणारा लोभी असतो असं नाही. ऑर्डर आहे, मशीन आहे, माणूस नाही. आणि माणूस ठेवला तर दोन महिन्यांनी त्याला काम पुरेल का याचा भरवसा नाही. अशा वेळी सरकार पगारातला वाटा उचलणार असेल, तर तो नेमका किती, हे विचारायलाच हवं.

सध्याची योजना म्हणजे प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तरतूद ९९,४४६ कोटींची. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या नोकऱ्या तिच्यात बसतात. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला एका महिन्याचा पगार, जास्तीत जास्त १५,००० रुपये, दोन हप्त्यांत मिळतो. मालकाला दर वाढीव माणसामागे दरमहा रक्कम मिळते: पीएफचा पगार १०,०००पर्यंत असेल तर हजारपर्यंत, १०,००० ते २०,००० असेल तर दोन हजार, आणि त्यावर एक लाखापर्यंत तीन हजार. मुदत दोन वर्षं, कारखानदारीला चार.

आता कागद-पेन्सिल घेऊ. मूळ पगार १५,००० असलेला एक नवा हेल्पर धरा. मालकाचा पीएफचा हिस्सा १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. विम्याचे ७५ आणि प्रशासकीय आकाराचे ७५. एकूण १,९५०. सरकारकडून येणार २,०००. म्हणजे उरले पन्नास. त्यात ईएसआयचे सव्वातीन टक्के, साधारण ४८८ रुपये, मालकाच्या खिशातूनच. हा हिशोब समोर ठेवला की बहुतेकांचा चेहरा पडतो. माझं मत उलटं आहे: योजना यापेक्षा प्रामाणिक असू शकत नाही. सरकार त्या हेल्परचा पगार देत नाही. त्याला चोरून न ठेवता पटावर आणण्याचा जो खर्च येतो, तो जवळजवळ पूर्ण भरून देतं. माणसाची गरजच नसेल, तर दोन हजारांसाठी पंधरा हजारांवरचा खड्डा कोण खणेल?

गंमत पुढे आहे. आमच्याकडे पगार फोडायची जुनी खोड आहे. १५,००० द्यायचे, पण पगारपत्रकात मूळ पगार ९,५०० आणि बाकी घरभाडं, प्रवास, 'विशेष भत्ता' असं काहीबाही. पीएफ ९,५००वरच. सरसकट सगळ्यांना दिलेला भत्ता पीएफच्या पगारातच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९मध्ये सांगून झालं, तरी खोड जात नाही. अशा मालकाला आता पीएफपोटी १,२३५ रुपये भरावे लागतात आणि अनुदान मिळतं हजाराच्या आत. सरळ दाखवणाऱ्याला पन्नास रुपये सुटतात, फोडणाऱ्याच्या खिशातून सव्वादोनशेच्या वर जातात. कायद्याच्या धाकाने जे झालं नाही, ते या एका पायरीने दोन-तीन कारखान्यांत झालेलं मी पाहिलं.

पण अनुदान 'वाढीव' माणसावर मिळतं, आणि वाढीव कशापेक्षा, ही खरी मेख. पन्नासपेक्षा कमी कामगार असतील तर आधीच्या पटापेक्षा किमान दोन माणसं जास्त हवीत, पन्नास किंवा जास्त असतील तर पाच. एक आला, एक गेला, तर शून्य. करोनानंतरच्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत हाच पाया सप्टेंबर २०२०चा धरला होता. हजारपर्यंत कामगार असलेल्या कारखान्यांत नव्या माणसाचा आणि मालकाचा असा दोन्हींचा मिळून २४ टक्के हिस्सा सरकार दोन वर्षं भरणार होतं. मार्च ते सप्टेंबरमध्ये ज्याची नोकरी गेली आणि जो पुन्हा लागला, तोही त्यात धरला जाई. हेतू चांगलाच होता. परिणाम काय झाला? लॉकडाऊनमध्ये ज्याने माणसं कमी केली, त्याचा सप्टेंबरचा पट रोडावलेला होता. ऑक्टोबरपासून तीच माणसं परत घेऊन त्याला २४ टक्क्यांची सवलत मिळाली. शेजारच्या गाळ्यातल्या ज्या मालकाने बायकोचे दागिने ठेवून एकालाही घरी पाठवलं नाही, त्याचा पट सप्टेंबरलाही भरलेलाच होता. त्याला छदाम मिळाला नाही. नियमात चूक काढता येत नव्हती. चलन भरायला तो ऑफिसात आला की मी चहा सांगायचे आणि दुसऱ्या विषयावर बोलायचे.

कागदावरची वाढ प्रत्यक्षात मोबाइलच्या पडद्यावर अडते. ऑगस्ट २०२५पासून पीएफचा नवा यूएएन क्रमांक उमंग ॲपवर चेहरा दाखवूनच काढायचा. शाहूवाडीकडचा एक पोरगा फेटलिंगला लागला होता. कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि कडा ग्राइंडरने काढायचं काम, त्यामुळे पापण्यांपर्यंत काळी धूळ. ऑफिसच्या जिन्यात चेहरा काही घेईना. "तोंड धुवून उन्हात उभा राहा रे," म्हटलं. उन्हात झालं, आणि निघालं काय, तर त्याच्या नावावर यूएएन आधीच होता. दोन वर्षांपूर्वी कुठल्या तरी ठेकेदाराकडे त्याने तीन महिने काम केलं होतं, त्याचा. पीएफ कापला होता हे त्याला ठाऊकही नव्हतं. म्हणजे 'पहिली नोकरी' नाही, एका महिन्याच्या पगाराचा लाभ गेला. मालकाच्या वाट्याला धक्का लागला नाही, कारण तिथे जुना सभासदही वाढीव म्हणून चालतो. पोराने फक्त एवढंच विचारलं, "मग हातात किती येणार?" १५,०००मधून त्याचा स्वतःचा पीएफ आणि ईएसआय गेल्यावर तेरा हजार सत्त्याऐंशी. पलीकडचा ठेकेदार रोख पंधरा देतो. पीएफ नको म्हणणारा दर वेळी मालकच असतो, हा शहरी समज आहे.

मालकाचे पैसे माणूस सहा महिने टिकल्यावरचे. आमच्याकडे हीच परीक्षा. बोनस हातात पडला की गडी थांबत नाहीत; बिहारकडचे छटपूजेला जातात आणि महिन्याने येतात किंवा येतच नाहीत. म्हणून मी सांगते: अनुदान मिळणार नाही असं धरून माणूस ठेवा, आणि आलंच तर ते त्याच्यावरच घाला. खोलीचं भाडं, सुटीवरून परतल्यावर ठरलेली रक्कम, वर्ष झाल्यावर मशीनवर बसवणं. दोन हजार मालकाच्या नफ्यात दिसत नाहीत, पण कामगाराच्या महिन्यात ते ठळक दिसतात.

पटाबाहेरचे मार्गही आहेत. अप्रेंटिस ठेवला तर केंद्र विद्यावेतनाचा पाव हिस्सा, दरमहा १,५००पर्यंत, उचलतं. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणाप्रमाणे ६,०००, ८,००० किंवा १०,००० रुपये थेट मुलाच्या खात्यावर जात. मुदत आधी सहा महिने होती, मग अकरा झाली. बारावा महिना लागला की पुढे काय, याचं उत्तर ना मुलाकडे होतं ना कचेरीकडे. ज्याचा पगार आपण देत नाही त्याला शिकवायची घाई कुणालाच नसते.

आणि सगळ्यात जास्त गरज ज्याला आहे, त्याच्यापर्यंत हे पोचतच नाही. पीएफचा कायदा लागतो वीस माणसांना. आमच्या पट्ट्यात अठरा-एकोणीसवर अडलेली मशीनशॉप किती सापडतील, विचारू नका. अशाच एका मालकाने मला वही उघडून दाखवली: अठरा माणसं, दोन घ्यायची आहेत, दोन घेतली की वीस. म्हणाला, "मॅडम, दोघांचे मिळून चार हजार येणार ना?" चार हजार येतीलच असं नव्हतं, पण येतील असं धरलं तरी विसावा माणूस आत आला की जुन्या अठरांचाही पीएफ सुरू. प्रत्येकी १,९५० धरले तर महिन्याला ३५,१००. स्वेच्छेने आधीच नोंदणी करता येते, हे सांगून पाहिलं. ठेकेदाराची माणसंही कायद्याने मोजली जातात, हेही सांगितलं. त्याने वही मिटली. महिन्याभराने त्याच्या गाळ्यात दोन नवी पोरं दिसली, दोघंही ठेकेदाराची. हजेरी ठेकेदाराच्या कोडवर लागत होती, म्हणजे पट वाढला तो ठेकेदाराचा.