बसून दाखवा

भाच्याचा फोन रात्री साडेदहाला आला तेव्हा वाटलं, घरी कुणाचं काही झालं. "मामू, बॉक्सवर तीस लिहिलंय आणि गाडी बावीसच खाली गेलीय. फसवलं बहुतेक."

त्या दिवशी त्याने आपल्या एसयूव्हीचे चारही स्प्रिंग काढून आखूड स्प्रिंग बसवून घेतले होते. गाडी सेकंडहँड, दोन लिटरचं डिझेल इंजिन, पळायला जोरदार. पण चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये मूठ जाईल एवढी पोकळी दिसते, हे त्याला खुपत होतं. गाडीचं नाव सांगत नाही. पुढे जे झालं त्यात तिचा दोष नव्हता.

"मोजलं कधी?"

"आत्ताच. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या."

मग बावीस येणारच. गाडी जॅकवर असते तेव्हा चाकं खाली लोंबतात आणि थोडी आत ओढली जातात. टेकवल्यावर टायर जमीन धरून बसतो, चाक बाहेर सरकत नाही आणि गाडी मध्येच अडकून राहते. चार किलोमीटर फिरवून आण, म्हटलं. शिवाय खालच्या दांड्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले का, तेही गॅरेजवाल्याला विचारायला सांगितलं. चाकं हवेत असताना आवळले तर आतलं रबर पिळलेलंच राहतं. माप खोटं येतं आणि रबर लवकर फाटतं. त्याने हवेतच आवळले होते. दुसऱ्या दिवशी सैल करून पुन्हा आवळले.

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या क्वालिटी विभागात गेली, त्यामुळे कुणी माप म्हटलं की मला राहवत नाही. रविवारी स्वतःच गेलो. पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते, म्हणून गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी नेली आणि दोन चाकांखाली प्लायचे तुकडे सरकवले. टाकी अर्धी, टायरमध्ये हवा ठरलेली, गाडीत कुणी नाही. जमिनीपासून मोजलं तर त्यात टायरची झीज आणि हवा दोन्ही येतात, म्हणून चाकाच्या मधोमधपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. स्प्रिंग बदलण्याआधी मीच त्याला असं मोजून ठेवायला लावलं होतं. पुढे ४३७ मिलिमीटर, मागे ४४४. आता पुढे ४०६, मागे ४१४. डाव्या-उजव्या बाजूत दोनचा फरक. वहीत लिहिलं आणि खाली सही केली, जुनी खोड. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात आणि टायर एका कडेने झिजतो, म्हणून अलाइनमेंटही करून घेतलं.

भाचा खूश. जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची जागा कंपनीच्या पत्रकात १९५ होती, ती १६५ झाली. मी त्याला चिडवलं, आता तुझी गाडी सरकारच्या लेखी एसयूव्ही राहिली नाही. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने जादा उपकरासाठी मोठ्या गाड्यांची व्याख्या पक्की केली, तेव्हा लांबी आणि इंजिनाबरोबर १७० मिलिमीटरची अट ठेवली होती. ती उंची रिकाम्या गाडीची धरायची, हेही मुद्दाम स्पष्ट केलं होतं. आम्ही दोघे हसलो.

महिन्याभराने खाला आजारी पडली आणि अम्माला महाडला जायचं ठरलं. भाचा म्हणाला, नानीला मीच नेणार. पुढे तो आणि मी, मागे अम्मा, माझी बहीण आणि माझी बायको. डिकीत तांदूळ, बॅगा आणि खालासाठी काय काय. पुण्यातून पिरंगुट, पौड करत ताम्हिणीच्या वाटेला लागलो. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकाचं माप दिलंय, उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे गाडी त्यावरून लाटेसारखी जाते. गावागावांतले गतिरोधक मात्र ज्याने घातले त्याच्या मर्जीचे. अशाच एकावरून आम्ही गेलो, फार वेगात नाही. मागून एकच आवाज आला, ठक्क. अम्मा "या अल्लाह" म्हणाली आणि मग महाडपर्यंत बोललीच नाही.

परतताना म्हणाली, मी एसटीने येते, एसटीत पाय पसरता येतात. एसटीत पाय पसरता येतात हे महाराष्ट्रात कुणाला पटेल? भाचा हिरमुसला. मी अम्माबरोबर एसटीत बसलो. तिथे तिने मला पाठ दाखवली. पुण्यात डॉक्टर म्हणाले, मणका मोडलेला नाही, पण तीन आठवडे पट्टा. अम्माने मला कसम घातली: पोराने हौसेने नेलं, त्याला सांगायचं नाही.

एसटीतच मला अब्बा आठवले होते. ते शिंपी. पँटचं माप उभ्याने घेऊन झालं की गिऱ्हाइकाला स्टुलाकडे बोट दाखवायचे, "आता बसून दाखवा." लोकांना लाज वाटायची. पण अब्बांनी शिवलेली पँट बसताना कधी उसवली नाही. त्यांच्या मुलाने मात्र रिकामी गाडी मोजून सही केली होती.

पुढच्या रविवारी वही घेऊन भाच्याकडे गेलो. म्हटलं, मागे तिघांना बसव. बहीण, शेजारचा एक मुलगा, आणि अम्माच्या जागी तांदळाची दोन पोती. डिकीत आणखी एक. बिल्डिंगमधले लोक गॅलरीतून बघत होते. मागचं माप ४१४ वरून ३७८ वर आलं. चाकाला वर जायला जेवढी जागा असते तिच्या शेवटी एक रबरी ठोकळा असतो, धक्का शेवटी त्याच्यावर जातो. तीस मिलिमीटर आम्ही हौसेने दिले होते, छत्तीस माणसांनी आणि सामानाने घेतले. भाचा टॉर्च घेऊन खाली वाकला. ठोकळ्यापर्यंत जेमतेम बोटभर जागा उरली होती.

बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग विचारलं, "नानीला लागलं होतं ना?"

मी कसम मोडली.

"मग मला का नाही सांगितलं?"

"अम्माने नको म्हटलं होतं," एवढं बोलून मी थांबलो. मग वही उघडून माझी सही दाखवली.

गॅरेजवाला म्हणाला, ठोकळे थोडे कापू, किंवा मागे कडक स्प्रिंग टाकू, गाडी खालीच राहील. भाच्याने ऐकून घेतलं. जुने स्प्रिंग त्याने गोणपाटात गुंडाळून गॅलरीत ठेवले होते, ते काढले. बसवल्यावर मागे ४४५ भरलं.

"एक जास्त कसा?"

"अजून बसायचंय. फिरव थोडी."

पट्टा सुटल्यावर अम्माला तो स्वतः जिना उतरवून गाडीपाशी घेऊन आला. ती मागे डावीकडे बसली, ओढणी सावरली, आणि गाडी का निघत नाही म्हणून खिडकीतून वाकून बघायला लागली. हा टेप घेऊन मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता.

"नानी, हलू नको गं." मग माझ्याकडे बघून, "अकरा. लिहा."