धवला आणि कर्णा

आमच्या मामांच्या पडवीत खुंटीला एक जुना कर्णा टांगलेला आहे. मामांनी साऊंड सर्व्हिस सुरू केली ती या एका कर्ण्यावर, एका अ‍ॅम्प्लिफायरवर आणि एका टेपवर. आज त्याच पडवीत बेसचे आणि टॉपचे बॉक्स आढ्यापर्यंत रचलेले असतात आणि कर्ण्यात चिमण्यांनी घरटे केले आहे. बॉक्सच्या भिंतीला लागूनच एक खाट आहे. तिच्यावर माझी आजी, म्हणजे मामांची आई, झोपते. आजी धवलारीण आहे. असे हे दोन व्यवसाय एकाच पडवीत नांदत होते आणि शिक्षणासाठी मामांकडे राहणारा मी दोहोंच्या मध्ये वावरत होतो. पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे ध्यानात यायला मला कॉलेजचे दुसरे वर्ष उजाडावे लागले.

द्वितीय वर्षाला आम्हाला क्षेत्रप्रकल्प करावा लागतो. विषय वाटले गेले तेव्हा समाजशास्त्राच्या सरांनी मला ‘संगीताचे समाजातील कार्य’ हा विषय दिला. “तू साऊंडवाला, तुला सोपा जाईल,” असे सर म्हणाले आणि सारा वर्ग हसला. मलाही तो सोपाच वाटला. अकरावीपासून मी मामांबरोबर मिक्सरवर उभा राहतो. गेल्या वर्षी तर दर रविवारी मांडव्याची लाँच पकडून मुंबईला ध्वनिमुद्रणाच्या एका वर्गालाही जात होतो. संगीताचे कार्य काय, तर आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला पाहिजे, माणसे उठून नाचली पाहिजेत आणि पार्टीने उरलेले पैसे सकाळी चुकते केले पाहिजेत! एवढी व्याख्या मला पुरेशी होती.

अलिबागच्या खारेपाटात ज्यांनी हळदीची रात्र पाहिली असेल, त्यांना मी वेगळे काय सांगणार? लग्नाच्या अक्षता कदाचित चुकतील, पण हळद कोणी चुकवत नाही. आगरी-कोळी गाणी लागली की सत्तर वर्षांच्या काकूपासून कडेवरच्या पोरापर्यंत सारे मांडवात उतरतात. त्या गर्दीच्या टोकाला, वायरींच्या जंजाळात, मिक्सरच्या मागे मी उभा असतो. माझे बोट एक इंच वर सरकले की पाचशे माणसे उसळतात. एकोणीस वर्षांच्या मुलाला एवढी सत्ता दुसरी कोण देणार? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांच्या खारशेतीतून वर्षाचे तांदूळ निघतात, फी निघत नाही. ती या हळदीच्या रात्रींतून निघते. म्हणून त्या आवाजाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आता आजीविषयी. आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण गाऊन पार पाडते. मांडव उभा राहिला, हळद दळायला घेतली, हळद लावली, न्हाऊ घातले, प्रत्येक वेळचा धवला निराळा. धवल्यात ती देवांना लग्नाचे बोलावणे करते, गावदेवीला, कुलदेवाला, घरातल्या गेलेल्या माणसांनाही. मागे बसलेल्या दोघी-तिघी तिची ओळ उचलतात आणि तोवर तिला श्वास मिळतो. वाद्य कोणतेच नसते. आजीला अक्षरओळख नाही. सगळे तोंडपाठ आहे. तिने ते तिच्या सासूच्या मागे बसून उचलले. बिदागी म्हणून लुगडे, नारळ, तांदूळ आणि थोडे पैसे मिळतात. लहानपणी मला याची लाज वाटे. माझ्या मित्रांच्या आज्या घरी बसत आणि आमची आजी परक्यांच्या मांडवात गात बसे!

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीचे लग्न होते. साऊंड अर्थातच मामांचा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही मर्यादा उचलून धरली. याचा आमच्या धंद्यावर एक परिणाम झाला, तो कोणाच्या लक्षात येत नाही. दहाला बंद करायचे म्हणून पोरे सातलाच सुरू करा म्हणतात. आणि सात ते नऊ हीच तर मांडवात हळद लागण्याची वेळ!

त्या दिवशीही तसेच झाले. आजी नवरीसमोर बसून गात होती. पोरांनी इशारा केला आणि मी गाणे सोडले. माझ्या वर्गात पुढे शिकवले गेले, की खालच्या स्वरांचा मोठा आवाज वरच्या आवाजांना झाकून टाकतो. बेसचा दणका शंभर हर्ट्झच्या खालचा. माणसाच्या बोलण्यातले शब्द ओळखू येतात ते मुख्यतः हजार ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यामुळे. म्हणजे म्हातारीने कितीही ताण दिला असता तरी तिचे शब्द दोन हातांवर पोचणे शक्य नव्हते. पण तेव्हा मला हे शास्त्र ठाऊक नव्हते. मला फक्त दिसले, की आजीचे ओठ हलत आहेत आणि मागच्या बायका तिच्या तोंडाकडे पाहून ओळ कोठे संपते याचा अंदाज घेत आहेत. मग त्याही थांबल्या. आजी मात्र थांबली नाही. ती पुढे सरकली, नवरीच्या कानाशी तोंड नेले आणि उरलेला धवला तिने कानात पुरा केला. कॅमेरावाल्याला वाटले, आजी नातीला काही गुपित सांगते आहे. त्याने फोटो काढला. तो फोटो आमच्या घरात आहे. मागे, जरा धूसर, हात उंचावून हसणारा मी आहे.

आजी यावर काही बोलली नाही. मीही ती गोष्ट विसरलो. ती पुन्हा आठवली आमच्या मराठीच्या तासाला. मॅडम महानुभाव वाङ्मय शिकवीत होत्या. आद्य मराठी कवयित्री महदंबा, तेरावे शतक, रिद्धपूर. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडला गेला तेव्हा महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गीते रचून गायिली. त्या गीतांचे नाव मॅडमनी फळ्यावर लिहिले – ‘धवळे’.

मी त्या शब्दाकडे बघतच राहिलो. आमच्या बोलीत ‘ळ’ नाही, त्याचा ‘ल’ होतो. शाळेत ‘शाला’, ‘फला’ म्हणतो म्हणून मी कितीतरी वेळा उभा राहिलो आहे. तो ‘ळ’ काढून पाहिला आणि फळ्यावर माझी आजी उभी राहिली. हात वर करावा की नाही, यात माझी पाच मिनिटे गेली. तास संपल्यावर मॅडमना गाठून म्हणालो, “मॅडम, हे आमची आजी गाते.” मॅडमनी मला ग्रंथालयात नेले. शार्ङ्गदेवाने देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथातही धवल हा गीतप्रकार सांगितला आहे, हे मला तेथे कळले. महदंबेचे शब्द आणि आजीचे शब्द एक नाहीत. पण नाव तेच आणि प्रसंगही तोच – लग्न. जी गोष्ट मी लोकांपासून लपवीत होतो, तिच्यावर विद्यापीठाच्या परीक्षेत प्रश्न येतो!

प्रकल्पाचा विषय अर्थातच पक्का झाला. एका दुपारी मी पडवी झाडली, पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या, बॉक्सवर गोधड्या टाकल्या म्हणजे आवाज घुमणार नाही. चांगला माईक आजीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर लावला, कानाला हेडफोन चढवले आणि म्हणालो, “हं आजी, गा.”

आजीने माईककडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “लगीन कोनाचा हाय?”

“लगीन नाही. नुसते गायचे. रेकॉर्ड करायचे आहे.”

“नवरीचा नाव काय? मांडव कोनाचा? मी देवाला कोनाच्या मांडवान बोलावू?”

मी समजावले, की कोणतेही नाव घे, चालेल. तिला ते मुळीच पटले नाही. ज्याचे लग्नच नाही त्याच्या मांडवात देवांना आणि वाडवडिलांना बोलावणे, ही तिच्या दृष्टीने थट्टा होती. तिने ओळी नुसत्या बोलून दाखवल्या. चालीवर एकही म्हटली नाही. मग तिने मला चहा ठेवायला सांगितले. त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणात अकरा मिनिटे आहेत आणि त्यांत गाणे नाही.

पण माझ्या प्रकल्पाचे उत्तर त्या अकरा मिनिटांतच आहे, असे मला आता वाटते. माझ्यासाठी गाणे ही एक फाईल होती. पेन ड्राइव्हवर घालावी, कोठेही लावावी, लग्नात, पूजेला, उमेदवाराच्या मिरवणुकीत. आजीसाठी गाणे हे काम होते. पेरणी जशी पावसावाचून होत नाही, तसा धवला लग्नावाचून होत नाही. आणि त्या कामात प्रत्येकाला वाटा होता. एकीने ओळ टाकायची, दोघींनी उचलायची, जात्यावर पाच जणींनी हात ठेवायचा. ऐकायला म्हणून कोणी बसलेलेच नसे. पुढे कर्णा आला, मग बॉक्स आले, आणि आम्ही गाणारे एकीकडे व ऐकणारे दुसरीकडे अशी माणसांची वाटणी करून टाकली.

माघात शेजारच्या गावात आजीला बोलावणे होते. या वेळी मी साऊंड घेऊन गेलो नाही. हातात मावेल असा छोटा रेकॉर्डर बायकांच्या मध्ये, हळदीच्या परातीशेजारी ठेवला आणि बाहेर जाऊन बसलो. घरी येऊन ऐकले तर बांगड्यांचा आवाज, पोराचे रडणे, मध्येच कोणीतरी “अगं, तांदूळ कय हान?” म्हणून ओरडते, एक बाई ओळ उचलायला उशीर करते आणि दुसरी हसते. वर्गात शिकवल्याप्रमाणे मी सफाईला बसलो. बांगड्या काढल्या, पोर काढले, हसणे काढले. दोन रात्री खपून आजीचा एकटीचा स्वच्छ आवाज उरला. सकाळी तिला ऐकवला. ती म्हणाली, “ही कोन बाई? आन् एकटी कनाला गाते?”

मी मूळचे ध्वनिमुद्रण पुन्हा लावले. बांगड्या वाजल्या, पोर रडले, आणि आजी त्यातल्या बायकांची एकेक करून नावे सांगू लागली.

प्रकल्प सरांना आवडला. मात्र त्यात मी ‘जुने ते चांगले आणि डीजे वाईट’ असे लिहिलेले नाही, कारण ते खरे नाही. ज्या बोलीसाठी मी वर्गात उभा राहिलो, तीच बोली आज बॉक्समधून छातीठोकपणे वाजते आणि मुंबईची पोरेही तिच्यावर नाचतात. वर्षभर चूल आणि शेत यांत पिचलेली आमची काकू हळदीच्या रात्री दोन तास बिनधास्त नाचते. हेही संगीताचे समाजातील कार्यच आहे. भांडण दोन गाण्यांचे नाही, वेळेचे आहे. आणि ती वेळ राखणे साऊंडवाल्याच्या हातात असते. हे कोणत्याही वर्गात मला शिकवले गेले नव्हते.

मी हे मामांना सांगितले. विधी चालू असताना आपण साऊंड बंद ठेवू, असे पार्टीला आधीच सांगावे, अशी माझी सूचना होती. मामा म्हणाले, “धंदा बुडवशील.” थोड्या वेळाने पडवीत जाऊन त्यांनी आजीच्या खाटेजवळचे दोन बॉक्स उचलून पलीकडे ठेवले. नंतर या हंगामातल्या सहा हळदींना आम्ही तसे सांगून पाहिले. चार घरांनी ऐकले, दोघांनी ऐकले नाही. त्या दोन ठिकाणी मी पोरांच्या शिव्या खाऊन आवाज निम्म्यावर ठेवला.

आजीला आता दम लागतो. तिच्या मागे बसणाऱ्या बायकांत साठीच्या आतली एकही नाही. धवला पुरुषाने गात नाहीत, त्यामुळे माझा उपयोग रेकॉर्डरपुरताच. आतापर्यंत चार धवले मिळाले आहेत, आणि आजी म्हणते अजून पुष्कळ आहेत. पण ते लग्न असेल तेव्हाच मिळतील. माझी धाकटी बहीण नववीत आहे. परवा भांडी घासता घासता ती एक चाल गुणगुणत होती. शब्द चुकत होते. आजी खाटेवरून ऐकत होती, पण तिने दुरुस्त केले नाही. मी कारण विचारले, तर म्हणाली, “लगीन येवं दे कोनाचा तरी. मंग सांगीन.”

चैत्रात गावात एक लग्न ठरले आहे. साऊंडची सुपारी आमच्याकडेच आहे.