नऊ जांभळे खण

खोकल्याचं औषध आणायला गेले आणि आयशॅडो घेऊन आले.

इथे राहणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. तिकडच्या वाचकांसाठी सांगते. इथलं औषधांचं दुकान म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं मेडिकल नव्हे. औषधांचा काउंटर सगळ्यात मागे, आणि तिथवर पोचायला दूध, चिप्स, वाढदिवसाची कार्डं, मोजे आणि मेकअप अशा सगळ्या गल्ल्या ओलांडाव्या लागतात. त्यात काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, "वीस मिनिटं लागतील." वीस मिनिटं रिकामी आणि समोर मेकअपची गल्ली! व्हायचं तेच झालं. पाच डॉलर एकोणपन्नास सेंटांची चपटी काळी डबी. तिच्यात नऊ खण, आणि नऊही जांभळे.

(कंपनीचं नाव सांगणार नाही. पुढे मी तिच्याबद्दल जरा वाकडं बोलणार आहे, आणि पाच डॉलरच्या वस्तूची अब्रू चारचौघांत काढू नये.)

तसं बघितलं तर या बाबतीत माझी परंपरा थोर आहे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा मलेरियावरचं औषध, म्हणजे क्विनाइन, प्रयोगशाळेत बनवायला बसला होता. क्विनाइन काही झालं नाही. भांड्याच्या तळाशी जो काळपट गाळ उरला त्यातून कापडाला बसणारा जांभळा रंग निघाला. त्याआधी राजेरजवाड्यांचा जांभळा रंग समुद्रातल्या गोगलगायींपासून काढत, आणि मूठभर रंगासाठी हजारो गोगलगायी लागत. पर्किनमुळे तो बाजारात आला. म्हणजे तोही औषधासाठी निघाला आणि जांभळा रंग घेऊन घरी आला. असो.

घरी येऊन आधी खणांचं बारसं केलं. डबीवर इंग्रजी नावं होती, पण ती सगळी मध्यरात्र, मखमल आणि पाप यांच्या आसपास घुटमळणारी. मी ठेवलेली नावं अशी: कांद्याची साल, रताळं, गोकर्ण, कोकम, वांगं, कृष्णकमळ, जांभूळ, करवंद. आठच झाली. नववा खण चमचमणारा होता. डबीत पांढराच वाटायचा, जरा तिरका धरला की जांभळी झाक मारायचा. त्याला नाव सुचेना.

आता खरी गोष्ट सांगते. मी पस्तिशी ओलांडलेली बाई, आणि गेल्या वीस वर्षांत जांभळा रंग अंगाला लावलेला नाही. ओढणी नाही, टिकली नाही, छत्रीसुद्धा नाही.

अकरावीत होते तेव्हा मामेबहिणीचं लग्न निघालं. आईने मला पहिली साडी घेतली, स्वतःच्या पगारातून. जांभळी, बारीक सोनेरी काठाची. साताऱ्याच्या आमच्या घरात आरशासमोर उभं राहून ती खांद्यावर टाकून बघत होते, तेवढ्यात थोरल्या काकू आल्या. दारातूनच म्हणाल्या, "जांभळा नको गं. आपल्या रंगाला शोभत नाही. आणखी काळी दिसेल पोर." काकू वाईट नव्हत्या हो. माझ्या काळजीनेच बोलल्या. (शिवाय त्या स्वतः चांगल्या गोऱ्यापान. 'आपल्या' म्हणाल्या हा त्यांचा मोठेपणा.) आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन साडी बदलून आणली, मोतिया रंगाची. लग्नाच्या फोटोत मी मोतिया साडी नेसून आणि तोंडाला भरपूर टाल्कम पावडर थापून उभी आहे. चेहरा राखाडी, मान सावळी.

तेव्हापासून 'आपल्याला जांभळा शोभत नाही' हे वाक्य माझ्या डोक्यात न्यूटनच्या नियमांशेजारी जाऊन बसलं. न्यूटनचे नियम निदान प्रयोगशाळेत तपासून तरी बघितले होते!

पुढे इकडे आले. पीएचडीच्या पाच वर्षांत काजळही सुटलं. लॅबमध्ये आम्ही नऊ जण, त्यात मी एकटी बाई. "नटून येते" असं कुणी म्हणू नये म्हणून मीच आधी सगळं बंद केलं. कुणी म्हणालं होतं का? नाही. इथेही मी मोजलं नव्हतं.

गंमत अशी की मोजणं हाच माझा धंदा आहे. पीएचडी केली ती पातळ थरांवर. काचेवर टायटॅनियम डायॉक्साइडचा थर किती जाड बसला की कोणता रंग दिसतो, हे बघण्यात पाच हिवाळे घालवले. आजही इथे फ्रीमाँटमध्ये तसलंच काही करून पोट भरते. डबीच्या मागची यादी वाचली तर काय, सगळी ओळखीचीच मंडळी! टाल्क, अभ्रक, टायटॅनियम डायॉक्साइड. पुढे 'यांपैकी काही असू शकेल' अशी अधिक-उण्याची खूण करून आयर्न ऑक्साइड, अल्ट्रामरीन, मँगनीज व्हायोलेट आणि कारमाइन. म्हणजे अनुक्रमे गंजाचे चुलतभाऊ, कपड्यांना देतात त्या निळीच्या कुळातला रंग, मँगनीजचं एक फॉस्फेट आणि निवडुंगावरच्या किड्यांपासून काढलेला लाल. साताऱ्यातल्या माझ्या लग्नाच्या फोटोतली पावडरही टाल्कचीच, हे तेव्हा लक्षात आलं. (माझ्या म्हणजे मामेबहिणीच्या. घोटाळा नको.)

डोळ्याजवळ लावायचं म्हणून थोडी चौकशीही केली. अमेरिकेत १९३३ साली 'लॅश ल्यूर' नावाच्या पापण्यांच्या कलपाने बायकांचे डोळे गेले, एकीचा जीवही गेला. त्यानंतर १९३८ साली सौंदर्यप्रसाधनांनाही लागू होणारा कायदा झाला. आजही इथे डोळ्यांभोवती कोणता रंग चालेल याची परवानगी वेगळी बघितली जाते. यादीतले रंग त्यात बसत होते. हुश्श.

शनिवारी सकाळी प्रयोगाला बसले. आधी हाताच्या आतल्या बाजूला नऊ पट्टे ओढले आणि तीन उजेडांत बघितले: न्हाणीघरातला दिवा, गाडीची काच आणि अंगणातलं ऊन. निकाल वाईट. कांद्याची साल, रताळं, गोकर्ण हे फिके रंग म्हणजे हाताला खडू पुसल्यासारखे. जांभळे कुठले, राखाडीच. कोकम, कृष्णकमळ आणि करवंद बोटाला भरपूर लागत, हाताला लागत नसत. वांगं आणि जांभूळ जरा बरे. काकू जिंकल्या असं वाटलं. खोटं कशाला बोलू, अकरावीतल्यासारखंच वाईटही वाटलं.

पण सोमवारी डबी ऑफिसात घेऊन गेले. रंगवाल्यांच्या धंद्यात एक साधं कार्ड वापरतात, अर्धं काळं आणि अर्धं पांढरं. रंग दोन्हींवर ओढायचा आणि खालचं किती झाकलं जातं ते बघायचं. तसं कार्ड आमच्याकडे पडलेलंच असतं. नऊ पट्टे ओढले आणि खुर्चीत बसूनच राहिले.

पांढऱ्या अर्ध्यावर फिके रंग अगदी गोड दिसत होते. काळ्या अर्ध्यावर तेच खडूसारखे. कारण सोपं आहे. स्वस्त डबीत रंग थोडा आणि पांढरी पूड फार. ती पूड सगळाच उजेड उधळून परत पाठवते. खाली पांढरं असेल तर पांढऱ्यावर पांढरं, कुणाला कळत नाही. खाली गडद असेल तर ती उघडी पडते. म्हणजे खोट डबीतल्या भरताडाची होती. ज्याने डबी बनवली त्याने ती पांढऱ्या कार्डावर बघून पास केली असणार, एवढंच.

आणि तो नववा, बिननावाचा? पांढऱ्या अर्ध्यावर जवळजवळ गायब! काळ्या अर्ध्यावर असा जांभळा पेटला होता की शेजारच्या टेबलावरची मैत्रीण उठून बघायला आली.

यात जादू काही नाही, माझ्याच प्रबंधातलं दुसरं प्रकरण आहे. या खणात अभ्रकाच्या बारीक चपट्या कणांवर टायटॅनियम डायॉक्साइडचा थर दिलेला असतो, साधारण शंभर नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचशेव्या-हजाराव्या हिश्शाएवढा. थराच्या वरून आणि खालून परतलेला उजेड एकमेकांत मिसळतो. त्यात जांभळा बळावून आपल्याकडे येतो आणि उरलेला हिरवट-पिवळा खाली जातो. खाली पांढरं असलं की तो हिरवट-पिवळाही उलटून वर येतो, जांभळ्यात मिसळतो आणि सगळं पुन्हा पांढरं होतं. खाली गडद असलं की तो तिथेच शोषला जातो, आणि वर उरतो तो निव्वळ जांभळा.

मैत्रीण आयरिश वंशाची, दुधासारखी गोरी. तिच्या मनगटावर तो खण नुसता ओलसर चमकला. माझ्या मनगटावर जांभळा. ती म्हणाली, "दिस इज नॉट फेअर!" मी म्हटलं, "एग्झॅक्टली." विनोद तिला कळला नाही, मला फार आवडला.

आमच्या फ्रीमाँटमध्ये नाइल्स नावाचा एक जुना भाग आहे. १९५६ साली पाच गावं मिळून हे शहर झालं, त्यातलं ते एक. तिथे एसने कंपनीचा मूकपटांचा स्टुडिओ होता आणि चार्ली चॅप्लिनचा 'द ट्रॅम्प' १९१५ साली तिथेच झाला. तिथल्या म्युझियममध्ये जुन्या नटांचे रंगवलेले डोळे बघून मी पूर्वी हसले होते. आता हसू येत नाही. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, लाल ओठ पडद्यावर काळे यायचे. म्हणून नट आपले चेहरे फिल्मच्या डोळ्याला बरे दिसतील असे रंगवत. बघणारा कोण, त्यावर सगळं. आमच्या घरी बघणाऱ्या काकू होत्या.

त्या शनिवारी रात्री पापणीवर आधी काळी पेन्सिल फिरवली, बोटाने पसरली, त्यावर नववा खण. म्हणजे कार्डाचं काळं अर्ध पापणीवरच तयार केलं. आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. तिची रविवार सकाळ.

"हे काय लावलंस डोळ्याला?"

"जांभळं आहे. वाईट दिसतंय?"

आईने चष्मा शोधला, फोन इतका जवळ नेला की मला नुसतं तिचं कपाळ दिसत होतं. "जरा वळ. आता इकडे. अगं, पारव्याच्या मानेसारखं चमकतंय की!"

नवव्याला नाव मिळालं. (आणि नाव शास्त्रशुद्ध! पारव्याच्या मानेवरची झाकही अशीच पातळ थरांतून येते.) मग मी तिला काळं-पांढरं कार्ड, अभ्रक, सगळं समजावून सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे गोऱ्यांना हे लावून उपयोग नाही म्हण की." आणि हसली. ते हसणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

मग मी विचारलंच. "आई, ती जांभळी साडी आठवते?"

"न आठवायला काय झालं? मला रंग आवडला म्हणूनच घेतली होती ना."

"मग काकूंना काही बोलली का नाहीस?"

जरा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझा रंग माझ्यावरून आलाय गं. मला बघायला यायचे तेव्हा मी काय काय ऐकलं, ते मलाच माहीत. तुझ्या कानावर ते पडू नये एवढंच डोक्यात होतं. मोतियाला कुणी नावं ठेवत नाही."

मला वीस वर्षं वाटत होतं की आईचंही तेच मत होतं.

साडीला माझं हे शास्त्र लागू पडत नाही, हे मला कळतं. साडीच्या सुताला खालच्या कातडीशी काही देणंघेणं नाही. ती जांभळी साडी मला शोभली असती का? आता कळायला मार्ग नाही. ती नेसूनच बघायला हवी होती. आईने नेसवली नाही, मी हट्ट केला नाही, आणि तपासून न बघितलेली एक गोष्ट आम्ही दोघींनी सिद्ध झाल्यासारखी सांभाळली.

"कितीला पडली डबी?" आईने विचारलं.

"साडेपाच डॉलर. पाचशेच्या आत-बाहेर."

"आणि नऊपैकी चालतात किती?"

"तीन. वांगं, जांभूळ आणि तुझा पारवा."

"मग महागच की गं!"

या गोष्टीला आता चार महिने झाले. ऑफिसात मी जांभळे डोळे घेऊन जाते, मीटिंगा होतात, कुणी काही म्हणत नाही. आईला पुढच्या खेपेला जांभळी साडी न्यायची आहे, तिच्यासाठी. आणि डबीतला पारव्याचा खण मधोमध झिजून त्याच्या तळाचा पत्रा दिसायला लागलाय.