सूर्य वर येऊ द्या

मार्गशीर्ष सरत आला की गंगाखेड, सोनपेठ, पालमकडच्या घरांत बायकांची लगबग वाढते. ताक साठवलं जातं, आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ त्यात कालवून मडक्यात आंबायला ठेवलं जातं. तुरीच्या हिरव्या शेंगा सोलता सोलता रात्री उशिरापर्यंत गप्पा चालतात. भज्जीसाठी पालेभाज्या निवडायच्या, तीळ भाजायचे, शेंगदाण्याचं कूट करायचं, उंड्यांसाठी बाजरी दळून आणायची. येळवस येते. वेळ अमावास्या म्हणून ती कॅलेंडरात छापलेली असते, पण घरात तिला सगळे येळवसच म्हणतात. लातूर-धाराशिवचा तर हा केवढा मोठा सण! तिथे जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, बाजारपेठा ओस पडतात आणि सगळं शहर शेतात जाऊन बसतं. परभणी जिल्ह्यात त्याचा जोर लातूरला लागून असलेल्या तालुक्यांत. आमचं मूळ गाव त्याच पट्ट्यात, गंगाखेडच्या पुढे, बालाघाटाच्या चढाला.

या दिवशी पंगत घरी नसते, घरच शेतात जातं. उभ्या ज्वारीच्या कडेला कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी राहते, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच पांडव बसतात, वर शाल पांघरली जाते. पूजा झाली की पिकात आंबील शिंपडत फेरी मारायची आणि मग पंगत. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आग्रहाने घेऊन जातो. नोकरीसाठी परभणी, पुणे, संभाजीनगर गाठलेल्या भावंडांची वर्षातून एकदा खरी गाठ पडते ती इथे. दिवाळीला कुणी सासरी असतं, कुणाला रजा नसते. येळवसेला मात्र काहीही करून माणसं येतात, कारण या दिवशी शेत वाट बघतं असं आमच्याकडे मानतात.

हा सण इंग्रजी तारखेला बांधलेला नाही. २०२४ साली तो दोनदा आला, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२५ मध्ये आला १९ डिसेंबरला. तारीख मागेपुढे सरकली तरी येतो तो ऐन थंडीत. परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जाणारा पारा डिसेंबर-जानेवारीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. २०१८च्या डिसेंबरअखेर असाच उतरला होता. समुद्र दूर, आकाश निरभ्र, वारा पडलेला, त्यामुळे दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री सगळी ऊब सोडून देते. त्यात गोदावरी, दुधना, पूर्णा या नद्यांचं खोरं, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आणि गहू-हरभऱ्याची ओली रानं. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच मिळते, म्हणून शेतकरी रात्रीच पाणी देतो. अशी भिजलेली जमीन आणि तिच्यावर थबकलेली गार हवा एकत्र आली की पहाटे धुकं धरतं. नदीच्या पट्ट्यात ते आंबिलीइतकं दाट असतं, माळावर चढलं की विरळ होतं. लोकांना वाटतं, उजाडलं की ते हटेल. पण सूर्य उगवताना जमिनीलगतची हवा जराशी हलते आणि घटकाभर धुकं आणखीच दाटतं. ते खरं विरतं नऊ-दहाच्या सुमारास.

आणि नेमकं पहाटेच सगळ्यांना निघायचं असतं.

परभणीहून गंगाखेडकडे निघालं की पोखर्णीच्या नृसिंहाला हात जोडायचे, दैठणा मागे टाकायचं आणि गोदावरीचा पूल ओलांडायचा. उन्हात हा रस्ता तासाभराचा. धुक्यात तो किती वेळाचा हे धुकंच ठरवतं. हवामान खात्याच्या हिशेबात दोनशे मीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की दाट धुकं, आणि पन्नास मीटरच्या आत आलं की अतिदाट. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास सतरा मीटर कापते. समोर काही आहे हे डोळ्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर गेलेलंच असतं, आणि गाडी पूर्ण थांबायला आणखी लागतं ते वेगळं. म्हणजे पन्नास मीटर दिसत असताना साठने चालवणं हे डोळे मिटून चालवण्याच्या फार जवळचं आहे. हे गणित एकदा मनात बसलं की पाय आपोआप सैल होतो.

अशा वेळी गाडी एकटा चालक चालवत नाही, सगळं घर चालवतं. दिवे खालच्या झोतावर ठेवायचे, कारण अप्पर मारला की उजेड धुक्याच्या थेंबांवर आदळून उलटा डोळ्यांवर येतो. पाच-सहा जणांच्या श्वासाने काच आतून धुरकट होते, ती पुसायचं काम समोर बसलेल्या बायकोचं. डाव्या साईडपट्टीवर नजरही तिचीच. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून डांबराच्या कडा खचतात. कुठे वीतभर, कुठे हातभर खोली असते, आणि चाक एकदा खाली उतरलं की गाडी ओढली जाते. खिडकी बोटभर उघडी ठेवायची, गारठा लागला तरी, कारण धुक्यात कान डोळ्यांच्या आधी सावध होतात. मागे आई आंबिलीचं बिंदगं मांडीवर धरून बसलेली असते. गाडीला हिसका बसला की तिच्या तोंडून फक्त "हळू" एवढंच येतं. रस्त्याच्या कडेच्या जुन्या कडुनिंबांच्या आणि चिंचांच्या बुंध्यांवर चुन्याचे आणि गेरूचे पट्टे असतात. दिव्याच्या उजेडात ते एकामागून एक उगवतात आणि वळण कुठे आहे ते सांगतात. रस्ते रुंद होताना यातली कितीतरी झाडं गेली. सावली गेल्याची हळहळ सगळ्यांना असते, पण धुक्यात बोट धरणारं कुणीतरी गेलं, हे हिवाळ्यातल्या पहाटे समजतं.

सगळ्यात जपायचं ते उसाच्या वाहनांना. कारखाने ऐन गाळपात असतात, ऊस रात्रंदिवस वाहत असतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर धुक्यात पुढे चाललेला असतो आणि मागे दिवा नसतो. असला तरी लोंबणाऱ्या वाढ्यांनी तो झाकलेला असतो. टायरच्या बैलगाड्या तर अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. आधी जाणवतो तो वास, ओल्या उसाचा आणि बैलांचा. त्या गाडीवरही एक घर बसलेलं असतं. बाप कासरा धरून, आई उसाच्या मोळ्यांवर, तिच्या कुशीत शालीत गुंडाळलेलं लेकरू. गंगाखेड, पालम, जिंतूरकडच्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी जोडपी अशीच कोयता घेऊन लांबच्या कारखान्यांवर जातात. गावी म्हातारी माणसं उरतात. या जोडप्यांची येळवस परक्या शिवारातल्या पालापुढे होते, किंवा होतच नाही. म्हणून रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा आला की संतापाने हॉर्न दाबण्याआधी मला हे आठवतं. सणाला आपल्या माणसांत पोचण्याचा हक्क जितका माझा, तितकाच त्यांचा.

हिवाळ्यातल्या या प्रवासाबद्दल मनात फार वर्षं घोळत आलेलं एक सांगायचं आहे. रस्त्यावरच्या माणसाचा जीव पुष्कळदा घरी वाट बघणाऱ्यांच्या हातात असतो.

"कुठवर आलात?" हा प्रश्न मायेनेच विचारला जातो. चूल पेटलेली असते, भज्जी रटरटत असते, पोरं दारात उभी असतात, जीव राहवत नाही. पण धुक्यात स्टेअरिंग धरलेल्या माणसाला तो प्रश्न घाई होऊन ऐकू येतो. सगळे थांबलेत, पूजा अडलीय, आपल्यामुळे पंगत खोळंबली. पाय नकळत दाबला जातो. पुण्याहून रात्रभर गाडी हाकत आलेल्या धाकट्या भावाचं तर विचारूच नका. बीड ओलांडून माजलगाव-पाथरीचा पट्टा गाठेपर्यंत पहाट होते, डोळ्यांत झोप असते आणि बाहेर धुकं. त्या घडीला घरून आलेला एक फोन त्याला ढकलूही शकतो आणि सावरूही शकतो.

आमच्या घरात ही रीत अण्णांनी, माझ्या थोरल्या चुलत्यांनी बदलली. एका येळवसेला झुंजुमुंजू व्हायच्या आत त्यांचा फोन आला. "उठलास का रे? इकडं हातभरावरचं दिसंना. निघू नका एवढ्यात." मी म्हणालो, "अण्णा, पूजेला उशीर होईल." ते म्हणाले, "होऊ दे. पांडव काही उठून चालले नाहीत. सूर्य वर येऊ द्या, लेकरायला गरम चहा-दूध पाजा, मग निघा." मग भावाला फोन करून त्यांनी त्याला वाटेत पाथरीला थांबायला सांगितलं. तो तिथे चहाच्या टपरीजवळ गाडी लावून तासभर झोपला. त्या दिवशी पूजा दुपारी झाली. काकूंनी उंडे पुन्हा गरम केले, कुणी एका शब्दानेही कुरकुरलं नाही. पंगतीत शेवटचं माणूस येऊन बसेपर्यंत अण्णा जेवले नाहीत, पण त्यांनी कुणाला घाईही केली नाही. वाट बघणं आणि घाई करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाट बघण्यात माया असते, आणि घाई त्याच मायेच्या तोंडून बोलते म्हणून ओळखू येत नाही. अण्णांना ती ओळखता आली.

परतीचा रस्ता पहाटेच्या रस्त्याइतकाच अवघड असतो, हे सहसा कुणी बोलत नाही. आंबील अंगावर येते. भज्जी-उंड्यांचं जेवण, वर दोन-तीन वाट्या आंबील आणि माघातल्यासारखं कोवळं ऊन अंगावर पडलं की माणसं झाडाखाली जिथे बसली तिथेच आडवी होतात. तेव्हा काकू सगळ्यांच्या देखत मला म्हणतात, "तुला गाडी चालवायचीय, तू वाटीभरच घे, आणि एक डुलकी काढ." धुक्याइतकाच या झोपेने घात होतो. संध्याकाळी हेंडगा पेटतो, कडब्याच्या पेटत्या पेंढ्या घेऊन पोरं पिकाभोवती धावतात, अंधार पडतो आणि उसाचे ट्रॅक्टर पुन्हा रस्त्यावर येतात. ज्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं त्याची चुळबुळ सुरू होते. पण मुक्काम करून सकाळी उन्हात निघणं, हेही त्या सणाचंच एक अंग आहे असं आता आम्ही मानतो. रात्री अंगणात शेकोटीभोवती ज्या गप्पा होतात त्या पंगतीत होत नाहीत. कोण कर्जात आहे, कुणाच्या मुलीचं ठरत आलंय, कुणाची तब्येत बरी नाही, हे सगळं तेव्हाच कळतं. उशिराने आमचं काही हिरावलं नाही, उलट घराला आणखी एक रात्र मिळाली.

जालना ते नांदेड हा समृद्धीला जोडणारा महामार्ग आपल्या जिल्ह्यातून व्हायचा आहे. रस्ते चांगले होतील, वेळ वाचेल, याचा मला मनापासून आनंद आहे. पण रस्ता जितका गुळगुळीत तितका वेग जास्त, आणि गोदावरीकाठचं धुकं रस्ता बघून विरत नाही. म्हणून सणाच्या तयारीतच काही गोष्टी बसवून घ्याव्यात असं मला वाटतं. पांडवांना चुना लावायचा त्याच दिवशी घरच्या ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागून लाल चमकपट्ट्या चिकटवाव्यात, हे काम पोरं हौसेने करतील. पूजेची वेळ दुपारची ठरवावी आणि ती सगळ्यांना आदल्या रात्रीच कळवावी. आणि पहाटे पहिला फोन गावाकडून जावा, तोही घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाचा, कारण त्यांनी थांब म्हटलं तरच तरुण थांबतात. या वर्षी अण्णांचा आवाज बारीक झालाय, म्हणून तो फोन करायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलंय. भाऊ निघण्याआधी मी त्याला सांगणार आहे, जेवण तू आल्यावरच, आणि तू ये ऊन पडल्यावरच.